रक्ताचा डाग आणि नेटीबाई

सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला पोलिसांच्या सीलबंद पाकिटांची सवय होऊन जाते. कधी एखादा सदरा, कधी साडीचा तुकडा, कधी फरशीवरून कापसाच्या बोळ्याने टिपून घेतलेला रक्ताचा डाग. शवविच्छेदन झाले की मृताचे कपडे आम्ही सावलीत वाळवतो, कागदी पाकिटात घालतो, लाखेचे सील करतो आणि पोलिसांच्या हवाली करतो. तिथून ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. प्लास्टिकची पिशवी वापरायची नाही, ओल राहिली की बुरशी धरते आणि डागातला डीएनए कुजतो, हे मी दरवर्षी नव्या डॉक्टरांना सांगत आले आहे.

प्रयोगशाळेला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न अगदी साधा असतो. हे रक्त बाईचे की पुरुषाचे? समजा, एका बाईचा खून झाला आहे आणि संशयिताच्या सदऱ्यावर डाग आहे. तो म्हणतो की दाढी करताना कापले, रक्त माझेच आहे. डाग स्त्रीच्या रक्ताचा निघाला तर त्याची गोष्ट तिथेच लंगडी पडते. रक्त नेमके कुणाचे हे ठरवायला डीएनएच्या आणखी खुणा जुळवाव्या लागतात, पण पहिली चाळणी ही.

अहवालात या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत येते. त्या ओळीचा पाया १९०५ साली घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत एक शाळेतल्या बाई होत्या. गुन्ह्याच्या तपासाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. त्यांचे काम पिठातल्या किड्यांवर होते.

नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील इफ्रेम सुतारकाम करत. नेटी दोन वर्षांची असताना आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डला आले. नेटी आणि तिची बहीण एमा दोघी तिथे शिकल्या. नेटी अभ्यासात हुशार होती, पण त्या काळी हुशार मुलीपुढे वाटा मोजक्याच होत्या. शिक्षिका होणे ही त्यातली सगळ्यात मानाची. नेटीने तीच धरली. मध्येच वेस्टफील्डच्या अध्यापक विद्यालयात जाऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा केला आणि पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली. पुढची बरीच वर्षे शाळेत शिकवण्यात आणि ग्रंथालयाच्या कामात गेली. शिकवता शिकवता पैसा साठत होता.

१८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नेटीबाईंनी ती पुंजी घेऊन देशाचे दुसरे टोक गाठले आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. आपल्याकडे पस्तिशीत लोक मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता करत असतात. या बाई स्वतःच बाकावर जाऊन बसल्या. १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. सुट्टीच्या दिवसांत समुद्रकाठच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सागरी जीव पाहायचे हा त्यांचा छंद झाला. मग त्या फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात संशोधनाला आल्या. थॉमस हंट मॉर्गन हे तेव्हा तिथे प्राध्यापक होते. बाईंचे काम पाहून महाविद्यालयाने त्यांना शिष्यवृत्तीवर युरोपला पाठवले. इटलीत नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात आणि जर्मनीत वुर्झबर्गला थिओडोर बोव्हेरी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. बोव्हेरी हे गुणसूत्रांचे त्या काळातले मोठे अभ्यासक. १९०३ साली बाईंना डॉक्टरेट मिळाली. तेव्हा त्या बेचाळिशीला टेकल्या होत्या.

आता त्या वेळचा प्रश्न काय होता ते पाहू. मुलगा की मुलगी हे कशाने ठरते? याची उत्तरे जगभर होती आणि बहुतेक सगळी आईभोवती फिरत होती. आईने काय खाल्ले, तिची प्रकृती कशी होती, हवा गरम होती की थंड. शास्त्रज्ञांतही अनेकांचे मत असेच होते की गर्भाला मिळणारे पोषण आणि तापमान यावर लिंग ठरते. दुसरीकडे मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले होते आणि पेशीतली गुणसूत्रे हीच आनुवंशिकतेची वाहक असावीत अशी कुजबुज सुरू झाली होती. जर्मनीच्या हेन्किंग यांना १८९१ मध्येच एका कीटकाच्या शुक्राणूंत एक वेगळेच वागणारे गुणसूत्र दिसले होते. निम्म्या शुक्राणूंत ते असे, निम्म्यांत नसे. ते काय आहे हे न उमगल्याने त्यांनी त्याला एक्स म्हटले, गणितात अज्ञात संख्येला म्हणतात तसे. मॅकक्लंग नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने नंतर ते लिंगाशी जोडले, पण त्यांचा होरा उलटा होता. त्या जादा गुणसूत्राने नर होतो असे त्यांना वाटले.

नेटीबाईंनी कार्नेगी संस्थेकडे अनुदान मागितले, ते मिळाले, आणि त्या कीटकांच्या मागे लागल्या. त्यातला एक होता पिठात आणि कोंड्यात होणारा किडा, शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मॉलिटर. याची पिवळट अळी पिठात वाढते आणि पुढे तिचा काळपट भुंगेरा होतो. हा किडा दिसायला क्षुद्र, पण त्याच्या पेशींतली गुणसूत्रे मोजता येतात.

मोजणे म्हणजे काय, हे विकृतिशास्त्र विभागात ज्यांनी काम केले आहे त्यांना समजेल. किड्याची जननग्रंथी सुईने अलगद काढायची, औषधात घालून पेशी आहेत तशा थिजवायच्या, मेणात बसवायच्या, त्या मेणाच्या वडीचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि मग तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचे. आमच्याकडे गाठीचा तुकडा तपासणीला येतो तेव्हा आजही मुळात हेच करतात. गुणसूत्रे सुटी सुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच्या नेमक्या घडीला. अशी पेशी सापडेपर्यंत काप पाहत राहावे लागते, आणि एक सापडून भागत नाही.

बाईंना जे दिसले ते असे. मादीच्या पेशीत वीस गुणसूत्रे, सगळी मोठी. नराच्या पेशीतही वीसच, पण त्यातली एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान, ठिपक्याएवढे. मग त्यांनी शुक्राणू पाहिले. शुक्राणूत गुणसूत्रे निम्मी असतात, म्हणजे दहा. इथे दोन प्रकार निघाले. निम्म्या शुक्राणूंत दहाही मोठी, उरलेल्या निम्म्यांत नऊ मोठी आणि तो एक ठिपका. अंडपेशींत असा फरक असण्याचे कारणच नव्हते, कारण मादीकडे ठिपका मुळात नाही. गणित सरळ होते. मोठ्या गुणसूत्राचा शुक्राणू अंडपेशीला भेटला तर मादी आणि ठिपक्याचा भेटला तर नर. गर्भ कसा होणार हे फलनाच्या क्षणीच ठरते, आणि ठरवणारा फरक बापाकडून येतो.

हा निबंध १९०५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन यांनीही दुसऱ्या कीटकांवर काम करून जवळपास तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. विल्सन नामवंत होते. परिस्थितीचाही लिंगावर परिणाम होत असावा अशी फट त्यांनी तेव्हा ठेवली होती. नेटीबाईंचा कौल गुणसूत्रांच्या बाजूने अधिक स्पष्ट होता. पण एका किड्यावरून साऱ्या सृष्टीचा नियम सांगण्याची घाई त्यांनीही केली नाही. पुढच्या वर्षांत त्यांनी डझनावारी जातींचे भुंगेरे आणि निरनिराळ्या माशा तपासल्या, फळमाशीसुद्धा. त्यांची ही सावधगिरी रास्त होती. कोंबड्यांमध्ये आणि फुलपाखरांमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे दोन प्रकार अंड्यांचे असतात, म्हणजे पिलू नर की मादी हे आईकडून ठरते. माणूस मात्र या बाबतीत पिठातल्या किड्याच्या पंगतीत बसतो. त्या ठिपक्याला पुढे वाय गुणसूत्र हे नाव मिळाले आणि माणसातले वाय गुणसूत्र थिओफिलस पेंटर यांनी १९२३ साली दाखवून दिले.

ते पाहायला नेटीबाई नव्हत्या. ब्रिन मॉरमध्ये त्यांची जागा वर्षानुवर्षे सहायक दर्जाचीच राहिली. १९०५ साली मावा किडीच्या जननपेशींवरच्या निबंधाला एलेन रिचर्ड्स पारितोषिक मिळाले, एक हजार डॉलरचे. मध्ये एकदा पुन्हा वुर्झबर्गला जाऊन आल्या. जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या संशोधनात त्यांचे चाळीसच्या आसपास निबंध झाले. अखेर महाविद्यालयाने खास त्यांच्यासाठी संशोधन प्राध्यापकाचे पद निर्माण केले, पण त्या पदावर रुजू होण्याआधीच स्तनाच्या कर्करोगाने त्यांना गाठले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ४ मे १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नास. मॉर्गन यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळाले. पाठ्यपुस्तकांत पुढे कितीतरी वर्षे लिंगनिश्चितीच्या शोधापुढे विल्सन यांचे, कधी मॉर्गन यांचे नाव येत राहिले. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात एक्स-वाय पाठ केले तेव्हा नेटी स्टीव्हन्स हे नाव आमच्या कानावर आल्याचे मला आठवत नाही.

आता तो ठिपका रक्ताच्या डागापर्यंत कसा पोचला ते पाहू. रक्त लाल दिसते ते तांबड्या पेशींमुळे, पण त्या पेशींना केंद्रक नसते, म्हणून त्यात गुणसूत्रेही नसतात. साक्ष द्यायला उरतात त्या पांढऱ्या पेशी. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या, एक घनमिलिमीटर रक्तात त्या चार ते अकरा हजार असतात. १९४९ साली कॅनडात मरे बार यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्याला मांजरीच्या मज्जापेशींत, फक्त मादीच्याच, केंद्रकाशी एक गडद कण दिसला. तो होता घडी घालून ठेवलेला दुसरा एक्स. पाच वर्षांनी स्त्रियांच्या काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला ढोलाच्या टिपरीसारखा छोटा गोळा लोंबताना आढळला. त्यावरून डाग स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगण्याचे प्रयत्न झाले. १९७० च्या सुमारास एका चमकणाऱ्या रंगाने वाय गुणसूत्र उजळवता येऊ लागले. पण या सगळ्याला पेशी धड हवी, आणि वाळलेल्या डागात पेशी फुटतात, सुरकुततात. त्यामुळे हाती येणारे उत्तर डळमळीत असे.

डीएनएने ही अडचण दूर केली. पेशी फुटली तरी तिच्यातला डीएनए कोरड्या डागात वर्षानुवर्षे टिकतो. इंग्लंडमध्ये १९८५ साली ॲलेक जेफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या वाळक्या डागांतूनही डीएनएचा ठसा मिळवता येतो हे दाखवले. त्याच दशकात पीसीआर आले, ज्यात डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लक्षावधी प्रती काढता येतात. करोनामुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. लिंग ओळखायला त्यातले जे जनुक वापरतात ते गंमत म्हणजे दातांच्या एनॅमलचे आहे, नाव ॲमेलोजेनिन. ते एक्सवरही असते आणि वायवरही, पण दोन्हीकडे थोडे वेगळे. नेहमीच्या चाचणीत एक्सवरचा तुकडा १०६ अक्षरांचा भरतो आणि वायवरचा ११२ अक्षरांचा. स्त्रीच्या रक्तात एकच लांबी दिसते, पुरुषाच्या रक्तात दोन्ही दिसतात. सगळा फरक सहा अक्षरांचा.

कुठलीच चाचणी डोळे मिटून घेऊ नये, हीदेखील आनुवंशिकाचीच शिकवण. काही पुरुषांच्या वायवरून नेमका हाच तुकडा गळालेला असतो. तसा तो धडधाकट पुरुष असतो, पण चाचणी त्याला स्त्री ठरवते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ साली २७० भारतीय पुरुषांच्या तपासणीत असे पाच जण आढळल्याचे प्रसिद्ध केले. म्हणून शंका असेल तिथे वायवरच्या दुसऱ्या खुणाही तपासतात. दुसरे उदाहरण अस्थिमज्जा रोपणाचे. रक्ताच्या कर्करोगावर ज्या भावाला बहिणीची मज्जा दिली आहे, त्याच्या शरीरात पुढे बहिणीच्या पेशींचे रक्त वाहते. त्याचा डाग बाईचा म्हणूनच येईल. अशा वेळी तपास अधिकाऱ्याने वैद्यकीय इतिहास विचारला नसेल तर निरपराध माणूस गोत्यात येऊ शकतो किंवा अपराधी सुटू शकतो.

न्यायालयाने हे शास्त्र स्वीकारले. डागात वाय दिसला, रक्त पुरुषाचे, यावर आज कुणी हसत नाही. पण माझ्या नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षे जिथे गेली त्या प्रसूती कक्षाच्या बाहेर मात्र १९०५ साल अजून उजाडायचे आहे. तिसरी मुलगी झालेल्या बाईच्या खाटेभोवतीची शांतता सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही परिचारिकेला विचारा. सासूबाई पायाशी बसून भिंतीकडे बघत असतात. नवरा बाहेरच्या बाकावरून उठत नाही. आणि ती ओली बाळंतीण, जिचा यात कणभर हात नाही, आल्यागेल्याची माफी मागितल्यासारखी बघत असते.

अशा वेळी मी केस पेपरची मागची कोरी बाजू वापरते. आईच्या नावाखाली दोन एक्स काढते, बापाच्या नावाखाली एक एक्स आणि एक वाय. आईकडे द्यायला एक्सशिवाय काही नाही, हे बोट ठेवून दाखवते. एकदा एका सासूबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला, मग मुलाला आत बोलावून त्याच्याकडे दिला आणि स्वतः सुनेसाठी गरम पाणी आणायला गेल्या. सगळीकडे असे होत नाही. आणि दोष आईवरून काढून बापावर ढकलायचाही नाही. कोणता शुक्राणू पुढे जाईल हे त्याच्याही हातात नसते. दोष म्हणायला मुळात काही झालेलेच नसते. एक मूल झालेले असते.

याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलगा पोटात असेल तर त्याच्या वाय गुणसूत्राचे तुकडे आईच्या रक्तात तरंगतात, हे १९९७ सालापासून माहीत आहे. म्हणजे सोनोग्राफीची वाट न पाहता आईच्या रक्तावरून गर्भाचे लिंग कळू शकते. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ साली आला. तो फक्त सोनोग्राफीच्या यंत्रापुरता नाही. कोणत्याही पद्धतीने गर्भाचे लिंग काढणे आणि सांगणे हा गुन्हाच आहे. कुणी रक्ताच्या तपासणीची आडवाट सुचवली तर तीही त्यातच येते.

नेटीबाई वेस्टफर्डच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. ज्या ठिपक्यापायी त्यांनी डोळे शिणवले, तो आज प्रयोगशाळेत खुनाची उकल करायला मदत करतो. आपल्या घरात त्याचे काम त्याहून सोपे आहे. त्याला यंत्र लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरे. पुढच्या वेळी शेजारीपाजारी कुणाच्या सुनेला मुलगीच झाली म्हणून कुजबुज सुरू झाली, तर तेवढे दोन एक्स आणि एक एक्स-वाय काढून दाखवा. पिठातल्या किड्याची गोष्टही सांगा. ती लहान मुलांनाही पटकन समजते.